लाकडाची पट्टी वळते कशी?

१७६५ मध्ये पाण्यात उतरलेल्या ‘व्हिक्टरी’ या ब्रिटिश युद्धनौकेची लाकडी प्रतिकृती जोडताना नाळेच्या गोलाईपाशी हात अडखळतो. कोरडी पट्टी वाकवली, की कडकन मोडते. तीच गरम पाण्यात भिजवली, की वेतासारखी वळते!

लाकूड म्हणजे सेल्युलोजच्या लांब धाग्यांची जुडी. लिग्निन नावाचा पदार्थ हे धागे घट्ट धरून ठेवतो. थंडीत दगड झालेला गूळ उबेला मऊ पडतो, तसंच लिग्निनचं. ओल आणि उष्णता मिळाली, की त्याची पकड सैल होते, धागे किंचित सरकतात. नुसत्या गार पाण्याने एवढं साधत नाही. मोठं काम उष्णतेचं. मग पट्टी सांगाड्यावर टाचून पूर्ण वाळू द्यावी. लिग्निन पुन्हा घट्ट होतं, बाक टिकतो. ओलीच चिकटवली, तर वाळताना ती आकसते आणि फटी पडतात.