पायथन नोटबुक (उष्णता संक्रमण प्रयोग)

उष्णता संक्रमणाच्या प्रयोगातील मोजमापे, समीकरणे, आलेख आणि निष्कर्ष एकाच दस्तऐवजात ठेवण्यासाठी पायथन नोटबुक वापरली जाते. ज्युपिटर हे यासाठीचे प्रचलित मुक्तस्रोत साधन आहे. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या आयपायथन प्रकल्पातून २०१४ मध्ये ज्युपिटर प्रकल्प निर्माण झाला.

महाराष्ट्रातील उदाहरण

मुंबईतील पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत 'सिंगल बोर्ड हीटर सिस्टिम' हे अल्पखर्चिक उपकरण विकसित करण्यात आले. त्याविषयीचा शोधनिबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तापक तार, धातूची पातळ पट्टी, पंखा, तापमान संवेदक आणि सूक्ष्मनियंत्रक हे त्याचे मुख्य भाग आहेत. विद्यार्थी तापकाची शक्ती व पंख्याचा वेग बदलून पट्टीच्या तापमानातील बदल नोंदवतात. या उपकरणासाठी प्रामुख्याने सायलॅब ही आज्ञावली वापरली गेली. अशाच नोंदींचे विश्लेषण पायथनमध्येही करता येते.

परिवेशाची उभारणी

प्रत्येक प्रयोगासाठी स्वतंत्र आभासी परिवेश तयार करणे हितावह असते. पायथन ३.३ पासून त्यासाठीची सोय भाषेतच अंतर्भूत आहे. परिवेश कार्यान्वित केल्यावर 'पिप'च्या साहाय्याने ज्युपिटर, नमपाय, सायपाय, पांडाज आणि मॅटप्लॉटलिब ही ग्रंथालये स्थापित करतात. उपकरण यूएसबीद्वारे जोडलेले असल्यास पायसिरियलही लागते. ढगाधारित नोटबुक दूरस्थ संगणकावर चालते. त्यामुळे टेबलावरील उपकरण तिला सहसा थेट वाचता येत नाही, आणि अशा वेळी नोंदी सीएसव्ही धारिकेत साठवून मग चढवाव्या लागतात.

स्थापित केलेले ग्रंथालय नोटबुकला सापडत नसेल, तर बहुधा कर्नेल दुसऱ्या परिवेशाचा निवडलेला असतो. ग्रंथालयांच्या आवृत्त्यांची यादी नोटबुकसोबत जतन केल्यास तोच परिवेश अन्य संगणकावर पुन्हा उभारता येतो.

विश्लेषण

पट्टीतील तापमान सर्वत्र जवळपास समान असल्यास न्यूटनचा शीतलन नियम वापरता येतो. त्यानुसार वस्तू व परिसर यांच्या तापमानातील फरक घातांकी रीतीने घटतो. कालांक म्हणजे वस्तूची उष्णताधारकता भागिले उष्णता संक्रमण गुणांक व पृष्ठफळ यांचा गुणाकार.

समजा, परिसर ३०° सेल्सिअस असून वस्तू १० मिनिटांत ९०° वरून ६०° पर्यंत थंड झाली. तापमानातील फरक ६०° वरून ३०° झाला, म्हणजे निम्मा झाला. म्हणून कालांक सुमारे १४.४ मिनिटे येतो आणि २० व्या मिनिटाला ४५° अपेक्षित असतात. परिसराचे तापमान चुकून २५° धरल्यास कालांक सुमारे १६.२ मिनिटे, म्हणजे जवळपास १२ टक्के अधिक येतो. म्हणून परिसराचे तापमानही प्रत्येक वेळी मोजून नोंदवावे लागते.

मर्यादा

उघड्या पेल्यातील गरम पाणी बाष्पीभवनामुळे सुरुवातीला अधिक वेगाने थंड होते, आणि उच्च तापमानाला प्रारणाचा वाटा वाढतो. अशा वेळी साधा घातांकी वक्र नोंदींशी नीट जुळत नाही.

नोटबुकमधील कक्ष कोणत्याही क्रमाने चालवता येतात. खोडलेल्या कक्षातील जुने मूल्य स्मृतीत राहिल्यास आलेख बरोबर दिसूनही उत्तर चुकीचे असू शकते. त्यामुळे अहवाल सादर करण्यापूर्वी कर्नेल पुन्हा सुरू करून सर्व कक्ष वरून खाली चालवण्याचा प्रघात आहे. मूळ नोंदींची धारिका न बदलता ठेवल्यास दुसऱ्या व्यक्तीला निष्कर्षाची पडताळणी करता येते.