नारंगाची मिरवणूक

ज्येष्ठ वद्य नवमीला दिघीच्या मॅगझीन चौकात उभं राहावं. आधी टाळ-पखवाज ऐकू येतात, मग भगव्या पताका दिसतात आणि मग माउलींचा रथ. आळंदी-पुणे रस्ता त्या सकाळी वारकऱ्यांचा असतो.

याच सुमारास, 12 जुलैला, उत्तर आयर्लंडमध्येही हजारो माणसं रांगेनं चालत निघतात. गळ्यात नारिंगी पट्टे, हातात चित्रांचे मोठाले फलक, बासऱ्यांचे ताफे. कुठे कुठे तीन फूट व्यासाचा लॅम्बेग ढोल वेताच्या छड्यांनी घुमवला जातो. ही ऑरेंज ऑर्डर या प्रोटेस्टंट संघटनेची मिरवणूक. बॉइन नदीकाठी प्रोटेस्टंट राजा तिसरा विल्यम यानं कॅथलिक दुसऱ्या जेम्सला हरवलं, त्याचा हा विजयोत्सव.

लढाई झाली 1 जुलै 1690 ला. मग उत्सव 12 ला कसा? तेव्हा ब्रिटनमध्ये जुनी ज्युलियन कालगणना चालत होती. 1752 साली नवी स्वीकारताना 2 सप्टेंबरनंतर थेट 14 सप्टेंबर उजाडला. मधले 11 दिवस गळाले आणि त्या हिशेबानं 1 जुलैची 12 झाली! अधिक मासामुळे वारीच्या तारखा मागेपुढे होताना पाहणाऱ्या आपल्याला हे लगेच उमगतं.

रंगाची कथा तर आपल्या दारातून निघते. विल्यम ऑरेंज घराण्याचा. ऑरेंज हे फ्रान्समधलं गाव. त्याच्या नावाचा मुळात फळाशी संबंध नाही. फळाचं नाव संस्कृत ‘नारंग’पासून फारसी, अरबी असं मुक्काम करत युरोपात पोचलं. दोन्ही नावं उच्चारात एक झाली आणि फळाचा रंग घराण्याला चिकटला.

1795 साली स्थापन झालेल्या या संघटनेत धर्माइतकीच ब्रिटनशी निष्ठा महत्त्वाची. त्यामुळे तिथे रस्त्यालाही राजकारण असतं. तिथल्या पोर्टाडाउन शहरातला गार्वाही रोड कॅथलिक वस्तीतून जातो. परंपरेनं चालत आलेली ही आमची वाट, असं मिरवणूकवाले म्हणत. आमच्या दारातून तुमचा विजय कशाला, असं रहिवासी विचारत. 1998 पासून मिरवणूक आयोगानं ती वाट बंद ठेवली आहे. वादाच्या ठिकाणी कुठून जायचं, कुठे वाद्यं थांबवायची, हेही आयोग ठरवतो.

दिघीत पालखी यायच्या आधी रस्त्याकडेची माणसं रांगोळी काढतात. वाट चालणाऱ्यांची खरी, पण ती मोकळी करून देणारे दारात उभे असतात.