आजी-आजोबांच्या जन्मगावावरून परदेशी नागरिकत्व : काय मिळते, काय जाते

जांभूळ, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या परिसरात नोकरीधंद्यानिमित्त स्थायिक झालेल्या ज्या ख्रिस्ती कुटुंबांचे मूळ गोव्यात आहे, त्यांच्यापुढे एक प्रश्न कधी ना कधी येतोच. आजोबांचा जन्म पोर्तुगीज अमलात झाला असेल, तर नातवाला पोर्तुगालचे नागरिकत्व मिळू शकते काय? या प्रश्नाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची असल्याने आपण दोन्ही बाजू पाहू या.

आजी किंवा आजोबा आयर्लंडमध्ये जन्मले असतील, तर तो देश परदेशात जन्मलेल्या नातवंडांना आपल्या नोंदवहीत नाव नोंदवून नागरिक होऊ देतो. पोर्तुगालचा मार्ग थोडा निराळा आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा, दमण व दीव येथील पोर्तुगीज सत्ता संपली. त्यापूर्वी तेथे जन्मलेल्यांना पोर्तुगालचा कायदा जन्माने पोर्तुगीज मानत आला. १९७४ च्या करारान्वये पोर्तुगालने या प्रदेशांवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले, तरीही ही भूमिका बदलली नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. वसईवर पोर्तुगीजांचा अंमल १५३४ पासून १७३९ पर्यंत होता. त्यामुळे डिसोझा, परेरा अशी आडनावे असली, तरी वसईकडील कुटुंबांना या आधारे हक्क मिळत नाही. आडनाव नव्हे, तर जन्मस्थान आणि जन्मतारीख हाच पुरावा होय.

ही प्रक्रिया साखळीसारखी चालते. प्रथम आजोबांची जन्मनोंद लिस्बन येथील मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात उतरविली जाते. मग त्यांचा विवाह, त्यानंतर वडिलांचा किंवा आईचा जन्म व विवाह आणि शेवटी नातवाचा जन्म नोंदविला जातो. मधली कडी निखळली, म्हणजे वडील नोंदणीपूर्वीच निवर्तले, तर अडचण येते. नातवंडांना थेट मागणी करता यावी म्हणून २०१५ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली व ती २०१७ पासून अमलात आली. मात्र त्यासाठी पोर्तुगालशी असलेले नाते दाखवावे लागते. २०२० च्या दुरुस्तीत पोर्तुगीज भाषेच्या ज्ञानाला त्या दृष्टीने महत्त्व मिळाले. हे नियम वरचेवर बदलतात. म्हणून मध्यस्थाच्या सांगण्यावर न विसंबता पोर्तुगालच्या वकिलातीकडूनच चौकशी करावी.

कागदपत्रांत नावांचा मेळ हा नेहमीचा अडथळा असतो. जुन्या नोंदीत 'जुझे' आणि रेशनकार्डावर 'जोसेफ' असेल, तर दोघे एकच आहेत हे सिद्ध करावे लागते. अशा वेळी मूळ धर्मग्रामातील स्नानसंस्काराचा दाखला साह्यभूत ठरू शकतो.

आता दुसरी बाजू. १९६२ च्या आदेशाने भारत सरकारने गोवा, दमण व दीव येथे जन्मलेल्यांना, तसेच ज्यांचे आईवडील वा आजी-आजोबा तेथे जन्मले त्यांना, भारताचे नागरिक ठरविले. आजोबांचे जन्मगाव असे दोन्ही देशांना मान्य आहे. परंतु दोन्ही नागरिकत्वे एकत्र ठेवण्यास भारत परवानगी देत नाही. संविधानाचा अनुच्छेद ९ आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे कलम ९ यांनुसार स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते. पासपोर्ट परत करावा लागतो व मतदानाचा हक्क जातो. पुढे ओसीआय कार्ड मिळाले, तरी मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

लिस्बनमध्ये केवळ जन्मनोंद झाल्याने भारतीय नागरिकत्व जाते काय, यावर गोव्यात बराच वाद झाला आहे. म्हणूनच नातवाच्या भवितव्यासाठी सुरू झालेल्या साखळीत आजोबांची स्वाक्षरी घेताना त्यांच्या स्वतःच्या नागरिकत्वाचाही विचार व्हावा व जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा.

पोर्तुगीज पासपोर्टावर युरोपीय संघात कोठेही राहून काम करता येते. ब्रिटन मात्र २०२० मध्ये संघातून बाहेर पडल्याने तेथील दार पूर्वीसारखे उघडे नाही. घरातील सर्वांनी एकत्र बसून, काय मिळते आणि काय कायमचे सोडावे लागते याचा हिशेब मांडावा, मगच अर्ज भरावा, असे आम्हांस वाटते.