घोटा मुरगळला, तर किती दिवस झोपून राहायचे?

पहाटे जळगावच्या मेहरूण तलावाकाठी किंवा धुळ्यात पांझरेच्या काठाने फिरायला गेलेल्या आजोबांचा पाय खड्ड्यात पडतो आणि घोटा मुरगळतो. सायंकाळी कबड्डी खेळून नातू लंगडत घरी येतो, तेव्हा दुखापत बहुधा तीच असते. मग आंबेहळदीचा लेप लागतो, कोणी जाणकार पाय चोळून देतो आणि ‘पंधरा दिवस उठायचे नाही’ अशी ताकीद मिळते. ही ताकीद प्रेमापोटी दिलेली असते. पण उतारवयात ती मूळ दुखापतीपेक्षाही महाग पडू शकते.

अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना १० दिवस अंथरुणावर ठेवले होते. तेवढ्या काळात त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायू घटले. गेलेली ही ताकद परत मिळवणे सोपे नसते, आणि ताकद गेली की पुन्हा पडण्याची भीती वाढते.

आधी हाडाची खात्री

मोडलेले हाड मुरगळ्यासारखेच सुजते. एक्स-रे कोणाचा काढावा, याचे साधे नियम कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडले. दुखावलेल्या पायावर चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंची हाडे अथवा पावलाच्या कडेचे वा मध्यभागाचे हाड दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढावा. मात्र दीर्घकाळच्या मधुमेहाने पायाची संवेदना कमी झाली असेल किंवा हाडे ठिसूळ असतील, तर केवळ या कसोटीवर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवा. गुडघा दुखावला असल्यास पंचावन्न किंवा त्याहून अधिक वय हेच एक्स-रे काढण्यास पुरेसे कारण मानतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तीही डॉक्टरांच्या कानावर घाला.

पहिले दोन-तीन दिवस

विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणे हे सूत्र अमेरिकेतील डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये रूढ केले. पुढे त्यांनीच आपले मत बदलले: बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे भरून येण्याची क्रिया लांबू शकते. म्हणून बर्फ केवळ वेदना कमी करण्यापुरता, कापडात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटे लावावा. बधिर पायावर लावू नये. या दिवसांत चोळणे आणि गरम शेक टाळावा. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. रक्तदाब व मूत्रपिंडाच्या रुग्णांना त्या बाधू शकतात.

मग हळूहळू हालचाल

हाड मोडलेले नाही हे कळले, की सोसेल तितका भार पायावर देत काठीच्या आधाराने घरात चालावे. खुर्चीत बसून पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवावी. घोटा सर्व दिशांना फिरतो. दुखणे ओसरल्यावर स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलाव्यात. शेवटी ओट्याला धरूनच एका पायावर काही क्षण उभे राहण्याचा सराव करावा. त्या वेळी घरातील कोणीतरी शेजारी असावे. तोल सावरण्याच्या अशा व्यायामाने घोटा पुन्हा मुरगळण्याचे प्रमाण घटते, असे अभ्यासांतून दिसले आहे. नातवालाही हाच नियम लागू आहे. दुखणे थांबले म्हणजे अस्थिबंध भरून आला असे नव्हे. मैदानाची घाई केल्यास तोच घोटा पुन्हा दगा देतो.

चार-पाच दिवसांत सुधारणा दिसली नाही, तर डॉक्टरांकडे जा. जळगाव व धुळे येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. पोटरी अचानक सुजून दुखू लागली किंवा दम लागला, तर क्षणाचाही विलंब नको.

घरातल्या मंडळींना एवढेच सांगणे आहे : आजोबांना पाण्याचा पेला हातात आणून देण्याऐवजी, हात धरून त्यांना माठापर्यंत चालवत न्या. ती दहा पावले हेसुद्धा औषधच आहे.