सायकल आणि रस्ता (भाग ४) : कडेने चालव!

मागच्या आठवड्यात पुण्यातल्या सायकल ट्रॅकबद्दल लिहिलं. ट्रॅक संपला की सायकलस्वाराला सगळ्यांचा एकच सल्ला असतो : कडेने चालव. घरची माणसं काळजीपोटी सांगतात, मागचा मोटारवाला हॉर्न वाजवून सांगतो. मला हा सल्ला घातक वाटतो.

कड एकदा नीट बघा. दर डांबरीकरणात रस्त्यावर नवा थर चढतो आणि चेंबरची झाकणं जिथल्या तिथे राहतात, म्हणून कडेला खड्ड्यांची रांगच तयार होते. पावसाळी गटाराच्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याला समांतर असल्या, तर बारीक टायर सरळ आत रुततो. खडी, फुटक्या काचा, साचलेलं पाणी, सगळं इथेच. त्यात उभ्या मोटारींची उजवी दारं कधी उघडतील याचा नेम नाही. चालकाने दार डाव्या हाताने उघडायची सवय लावली, तर खांदा वळतो आणि नजर आपोआप मागे जाते. एवढ्यानेही जीव वाचतो.

सगळ्यात मोठा धोका डावीकडे वळणाऱ्या बसचा आणि ट्रकचा. लांब गाडी वळते तेव्हा पुढचं चाक मोठा वळसा घेतं, मागचं आतून कापत येतं. चालक बसलेला उजवीकडे. डाव्या अंगाला लागून असलेला पट्टा त्याला जवळजवळ दिसत नाही. सिग्नलला कडेकडेने पुढे सरकलेला सायकलस्वार नेमका त्याच पट्ट्यात उभा असतो. म्हणून मोठ्या गाडीच्या डावीकडून कधीही पुढे घुसू नये, मागेच थांबावं.

मग चालवायची कुठे? कडेपासून साधारण मीटरभर आत, सरळ रेषेत. उभ्या गाड्यांमधल्या मोकळ्या जागेत आत-बाहेर करू नये. मागच्याला आपण सतत दिसत राहिलो पाहिजे. अशाने मोटारवाल्याला चार क्षण थांबावं लागेल. थांबू दे! जर्मनीत 2020पासून सायकलला ओलांडताना शहरात किमान दीड मीटर आणि शहराबाहेर दोन मीटर अंतर ठेवणं बंधनकारक आहे. तिथे जागा सोडायची जबाबदारी मोठ्या वाहनावर आहे. आपण ती सायकलवाल्यावर टाकली आहे, कारण रस्ता मोटारींचा आणि सायकल ही अडचण, हे आपण मनाशी धरून चाललोय.

ही अडचण म्हणजे कोण? पहाटे पेपर टाकणारी मुलं, रात्रपाळी संपवून परतणारे वॉचमन, बांधकामावरचे मजूर. त्यांच्या वेळेला बस नसते. 2022मध्ये देशात साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार रस्त्यावर दगावले. आणि जिथे ट्रॅक आहेत तिथे दुचाक्या बिनधास्त घुसतात. सायकल ट्रॅकवर गाडी चालवू नये, हे 1989च्या रस्ता नियमावलीतच लिहिलेलं होतं.

पुढच्या भागात वेगाबद्दल : ताशी 30 ऐवजी 50 किलोमीटर वेगाने येणाऱ्या मोटारीच्या धडकेत जवळजवळ पावणेतीन पट ऊर्जा का असते, आणि शाळेसमोरच्या रस्त्यावर त्याचा अर्थ काय होतो.