बघे गिऱ्हाईक, घेते गिऱ्हाईक

मे महिन्यात उरणच्या बाजारात आगोटीची सुकी मासळी घ्यायला आलेली बाई सहसा रिकाम्या पिशवीने परत जात नाही. बोंबील मोडून बघेल, जवळा मुठीत घेऊन हुंगेल, भावावरून दोनदा उठून जाईल, पण शेवटी काहीतरी घेईलच. तीच मासळी ऑनलाइन दुकानात मांडली की चित्र उलटते. शंभर जण बघून जातात आणि त्यातल्या दोघा-तिघांनी पैसे भरले तरी दुकानदार महिना बरा गेला म्हणतो.

उरण-पनवेल पट्ट्यातली अशी घरगुती दुकाने मी गेली काही वर्षे जवळून बघतो आहे. या विषयाचे शिक्षण मी कुठल्या कॉलेजात घेतलेले नाही. दुकानदारांच्या परवानगीने त्यांच्या नोंदी वाचायच्या, गिऱ्हाइकांशी बोलायचे, आणि मिळेल ते छापील साहित्य चाळायचे, एवढीच माझी पद्धत. यातली काही दुकाने बचत गटातल्या बायका चालवतात. त्यांचे भांडवल थोडे असते आणि ते आधीच मासळीत अडकलेले असते, म्हणून हा प्रश्न मला नुसता आकड्यांचा वाटत नाही.

आकडा मात्र समजून घ्यायला हवा. महिन्यात समजा १००० जण दुकानात आले आणि २० जणांनी खरेदी केली, तर कन्व्हर्जन रेट २ टक्के. पण हा आकडा एकटा फारसा बोलत नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून त्याआधी घराघरांत बेगमी होते. मे महिन्यात येणारा माणूस घ्यायचे ठरवूनच आलेला असतो. श्रावणात येणारा नुसता बघतो. श्रावणातला आकडा मेच्या आकड्याशी ताडून बघणारे आणि घाबरून दुकानाचा रंगच बदलून टाकणारे दुकानदार मी पाहिले आहेत. तुलना करायचीच तर गेल्या श्रावणाशी करावी.

त्याहून उपयोगाचे म्हणजे माणूस कुठल्या पायरीवरून परत फिरला ते मोजणे. वस्तूचे पान, मग कार्ट, मग पत्ता, मग पैसे. डेन्मार्कच्या बेमार्ड या संशोधन संस्थेने अनेक पाहण्यांची सरासरी काढली आहे. तिच्यानुसार कार्टमध्ये वस्तू टाकणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक पैसे न भरता निघून जातात. त्यांतले बरेच नुसते बघे असतात. पण ज्यांना खरोखर घ्यायचे होते, त्यांनी सांगितलेले सर्वांत मोठे कारण म्हणजे शेवटच्या पायरीवर वाढलेला खर्च. समजा, पाव किलो जवळ्याची किंमत १५० रुपये दिसते आणि पत्ता भरून झाल्यावर कुरिअरचे ८० रुपये त्यात मिळतात. गिऱ्हाइकाला ८० रुपये जड होतातच, पण आधी न सांगितल्याचा राग अधिक येतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० मध्ये आले. एकूण किंमत एका आकड्यात आणि तिची फोड, दोन्ही दाखवावी, असे ते विक्रेत्याला सांगतात. बाजारातली कोळीण वाट्याचा भाव पहिल्याच वाक्यात सांगते, तिला हा नियम वाचावा लागलेला नाही.

सुक्या मासळीचे आणखी एक आहे. ती हाताळल्याशिवाय घेण्याची आपल्याला सवय नाही. जवळ्यात वाळू तर नसेल? बोंबील बांबूच्या वलांडीवर वाळवले की जमिनीवर? मीठ किती? आणि मुंबईतल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याचा खरा प्रश्न, पाकिटाचा वास लिफ्टभर पसरणार नाही ना? या शंकांची उत्तरे पानावर नसतील तर झगझगीत फोटो काही कामाचा नाही. त्यापेक्षा तळहातावर घेतलेल्या सोड्यांचा साधा फोटो बरा, म्हणजे आकार कळतो. सोबत वजन, कधी वाळवले तो महिना, हवाबंद पाकिटाचा फोटो, अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक आणि उचलला जाईल असा फोन नंबर. हे सगळे मराठीतही हवे. पत्ता विचारण्याआधी पिनकोड विचारावा, म्हणजे जिथे माल जातच नाही तिथला माणूस अर्धा तास घालवून चिडत नाही. जाता जाता सांगतो, उरण रायगड जिल्ह्यात, पण त्याचा पिनकोड ४००७०२, म्हणजे सुरुवात मुंबईसारखी. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या कोकणातल्या संस्कृत पंडिताने आखली.

पैशाची पायरी सर्वांत अवघड. वस्तू हातात आल्यावरच पैसे देण्याची आपली सवय आजची नाही. टपाल खात्याची व्ही.पी. १८७७ पासूनची आहे, आणि दिवाळी अंक व्ही.पी.ने सोडवून घेतलेले वाचक अजून असतील. २०१० मध्ये फ्लिपकार्टने घरपोच रोख पैसे घेणे सुरू केले, तेव्हा तीच जुनी सवय नव्या धंद्याच्या कामी आली. व्ही.पी. न सोडवता परत पाठवणारे तेव्हाही होते. आज तसे झाले की दुकानदारावर जायचे आणि यायचे असे दोन्ही खर्च पडू शकतात, आणि आठ-दहा दिवस गोदामांतून फिरून आलेले पाकीट पुन्हा विकण्याची हिंमत कोण करणार? चार पाकिटे परत आली की बचत गटाचा त्या आठवड्याचा नफा गेला. म्हणून विक्रीचा आकडा पाकीट पाठवल्यावर मोजू नये, पैसे हातात आल्यावर मोजावा.

रोखीचा पर्याय बंद करावा असे मी म्हणणार नाही, नवे गिऱ्हाईक त्याच दाराने येते. पण पाकीट निघण्याआधी एक फोन करावा, किंवा कुरिअरपुरते पैसे आगाऊ घ्यावेत. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये महिन्याचे व्यवहार एक हजार कोटींवर गेले, तेव्हा ८० रुपये आगाऊ मागणे आता कुणाला विचित्र वाटत नाही. दुसऱ्या खरेदीला बहुतेक जण पूर्ण पैसे आधी भरतात, असा माझा अनुभव आहे.

‘फक्त दोनच पाकिटे शिल्लक’ असे खोटेच लिहिणे, न मागितलेली वस्तू कार्टमध्ये सरकवणे, नको म्हणणाऱ्याला लाजवणे, या युक्त्या शिकवणारे पुष्कळ आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा १३ प्रकारांची यादी काढून त्यांना मनाई केली. मनाई नसती तरी मासळीच्या धंद्यात हे परवडत नाही. इथे कमाई पहिल्या पाकिटात नसते, ती दरवर्षी आगोटीला परत येणाऱ्या घरांत असते. म्हणून ओळखीच्या दुकानदारांना मी एक वही ठेवायला सांगतो. कुणी काय नेले, मीठ कमी हवे म्हणाले का, पाकीट फुटले का. एप्रिलच्या शेवटी त्या वहीतल्या प्रत्येकाची परवानगी असेल तर व्हॉट्सॲपवर भावाची यादी जाते, कुरिअरसकट. ती उघडणाऱ्यांत बघे फार थोडे असतात.