माजी सैनिक भगिनी, वीरपत्नी आणि दवाखान्याची वाट

सैनिक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुरुषच उभा राहतो. परंतु लष्करी परिचारिका शंभराहून अधिक वर्षे सेवा देत आहेत. 1992 पासून इतर शाखांतही महिला अधिकारी घेण्यास सुरुवात झाली. 17 फेब्रुवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने भूदलातील महिला अधिकाऱ्यांना स्थायी कमिशन देण्याचा निकाल दिला, आणि 2021 साली लष्करी पोलीस दलात महिला जवानांची पहिली तुकडी दाखल झाली. या भगिनी निवृत्त होऊन गावी परततील, तेव्हा त्यांच्या आरोग्याची सोय कोठे, हा प्रश्न आजच विचारला पाहिजे.

आपल्या समाजाला हा प्रश्न परका नाही. 1941 साली बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. त्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेला पाठपुरावा सर्वश्रुत आहे. तेव्हापासून विदर्भातील अनेक घरांतून मुले सैन्यात गेली. त्यांच्या पत्नींनी शेती, मुले आणि सासू-सासरे एकटीने सांभाळले. यांतील कित्येकजणी आज वृद्ध व विधवा आहेत. मोतीबिंदू, रक्तदाब, मधुमेह, अंग बाहेर येणे अशी दुखणी त्या वर्षानुवर्षे अंगावर काढतात.

वर्धा जिल्ह्यात दवाखाने नाहीत असे नाही. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे व तेथील वैद्यकीय महाविद्यालय 1969 पासून चालू आहे. सावंगी (मेघे) येथेही मोठे रुग्णालय आहे. पण ही दोन्ही वर्धा शहराजवळ आहेत. आष्टी, कारंजा किंवा समुद्रपूर तालुक्यातील आडगावच्या बाईला एका तपासणीसाठी पूर्ण दिवस व एक मजुरी गमवावी लागते. लष्करी रुग्णालयासाठी कामठी गाठायची तर नागपूरच्याही पुढे जावे लागते. सोबत कोणी नसले की जाणे लांबणीवर पडते. आणि स्त्रियांचे दुखणे पुरुष डॉक्टरला सांगण्याचा संकोच असतोच.

दुसरी अडचण कागदाची. केंद्र सरकारने 1 एप्रिल 2003 पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना सुरू केली. सर्वजण तिला ई.सी.एच.एस. म्हणतात. निवृत्तिवेतनधारक माजी सैनिक, त्यांची पत्नी व अवलंबून असलेली मुले, तसेच कुटुंब निवृत्तिवेतन घेणारी विधवा तिच्यात येतात. सभासद होताना हुद्द्याप्रमाणे एकदाच रक्कम भरावी लागते. युद्धविधवांना मात्र ती माफ आहे. अल्पकालीन सेवा करून निवृत्तिवेतनाविना परतलेल्या अधिकाऱ्यांना, म्हणजे अनेक महिला अधिकाऱ्यांनाही, या योजनेचे दार 2019 साली उघडले.

उपचाराची रीत अशी: कार्ड घेऊन प्रथम योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये जावे. तेथील डॉक्टर गरजेप्रमाणे मान्यताप्राप्त रुग्णालयाची चिठ्ठी देतात. जिवावर बेतले असेल तर चिठ्ठीसाठी थांबू नये, जवळचे रुग्णालय गाठावे. ते मान्यताप्राप्त नसेल तर दोन दिवसांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवावे आणि सर्व बिले जपून ठेवावीत.

मग कार्ड का होत नाही? बहुधा नावामुळे. सैनिकाच्या नोंदीत पत्नीचे नाव 'शांता', आधारवर 'शांताबाई', बँकेत तिसरेच. कोठे लग्नाची नोंदच रेकॉर्ड ऑफिसला कळविलेली नसते. सैनिक हयात असतो तोवर हे दुरुस्त करणे सोपे. त्याच्या मागे विधवेला हेलपाटे पडतात. डिस्चार्ज बुक, निवृत्तिवेतनाचा आदेश, आधार व बँक पुस्तक घेऊन वर्ध्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेल्यास अर्जाची दिशा मिळते.

कार्ड होईपर्यंतही मार्ग आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. त्याला रेशनकार्ड दाखवून विचारावे. तातडीच्या वेळी 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. मार्च 2023 पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे. गावातील आशाताईंकडे संकोच न करता दुखणे बोलता येते.

संस्थेच्या सभासदांनी व विद्यार्थ्यांनी एवढे करावे: आपल्या गावातील माजी सैनिक, वीरपत्नी व विधवा यांची यादी करावी. प्रत्येकीची कागदपत्रे एकदा वाचून नावे जुळतात का ते पाहावे. ऑनलाईन अर्ज भरून द्यावा. महिन्यातून एक दिवस ठरवून चार-पाच जणींना एकत्र दवाखान्यात न्यावे व सोबत एक शिकलेली मुलगी असावी. याला देणगी लागत नाही, वेळ लागतो.

देशासाठी ज्या घराने माणूस दिला, त्या घरातील माउलीने केवळ एका कागदाअभावी उपचाराविना राहू नये. हक्क मंजूर झाला आहे; तो तिच्या दारापर्यंत पोहोचविणे हे आपले काम आहे.